आरियाची हाक

लवू सारंगाने माझ्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा शब्द माझ्या तोंडातून अर्धाच बाहेर आला होता. हात कसला, जुन्या वहाणेचा तळवाच तो. त्याला वंगणाचा आणि तंबाखूचा वास येत होता.

“हय नाय, मास्तर,” तो म्हणाला. “हयसर ता नाव काढूचा नाय.”

“अहो, पण मी नुसतं विचारतोय. आरि...”

हात पुन्हा तोंडावर आला, या वेळी जरा जोरात. आसपासचे चार-पाच खलाशी हसले. लवू हसला नाही. त्याने मान वर करून बघितलं. आमच्यापासून दहा पावलांवर एक लांबलचक लोखंडी तुळई वायरला लटकत होती.

“माल वर आसा,” तो म्हणाला. “बाजाराच्या दिवशी नदीर ये. थय विचार काय विचारूचा ता.”

ही गोष्ट १९६७ सालची. कृष्णाकाठी एक साखर कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे शब्द गोळा करायला गेलो होतो. पुण्यात डॉ. फणसळकर बाई कष्टाच्या धंद्यांतल्या शब्दांचा कोश करत होत्या. कोणी कुंभारांकडे जाई, कोणी तेल्यांकडे. माझ्या वाट्याला आले खलाशी. चोवीस वर्षांचा होतो, एम.ए.ला पहिला आलो होतो आणि ते विसरायला अजून मला कोणी भाग पाडलं नव्हतं. चष्मा आणि वही एवढ्या भांडवलावर टोळीने मला ‘मास्तर’ करून टाकलं होतं.

घाटावर, समुद्रापासून इतक्या लांब खलाशी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. ही चौदा माणसं मालवण-देवगडकडची. त्यांचे आजे-पणजे गलबतांवर होते. शिडाची गलबतं बंद पडत गेली, तशी ही मंडळी आपले दोर, कप्प्या आणि आपल्या हाका घेऊन घाट चढली. त्या काळी आडगावात क्रेन कुठली यायला? दहा टनांचं धूड तीस फूट उचलून सुईत दोरा ओवावा तसं जागेवर बसवायचं, तर खलाशांना बोलावणं धाडायचे. एक उंच लाकडी खांब, त्याला चहूबाजूंनी ताण, वर कप्प्या, आणि खाली हाताने फिरवायची विंच. टोळीचा म्होरक्या तो सारंग. सारंग हाक देणार आणि बाकीचे ती पाळणार. ‘हाबेस’ म्हटलं की वर ओढायचं, ‘बस’ म्हटलं की थांबायचं. आणि खाली सोडायचं असेल तेव्हा तो तिसरा शब्द, जो मला तोंडातून काढू दिला नव्हता.

बाजाराच्या दिवशी नदीवर गेलो, तर लवू कपडे पिळत होता. लवू कुबल, बावीस वर्षं सारंग असलेला माणूस, पण अंगाने किडकिडीत. आवाज मात्र त्या अंगात मावू नये एवढा मोठा. त्याच्याजवळ धाकू मेस्त तोंडाला साबण लावून बसला होता. धाकू टोळीतला सगळ्यात थट्टेखोर. माल बसताना हात घालून शेवटची जागा नीट करायची, हे त्याचं काम.

“आता विचारू?” मी म्हटलं.

लवूने इकडेतिकडे पाहिलं, जणू नदीच्या पात्रातही कुठे माल टांगलेला असेल. मग हळूच म्हणाला, “आरिया.”

“म्हणजे काय?”

“ती एक बाय.”

“बाई?”

“दर्यातली. माझ्या आज्यान सांगलेला. शीड उतरवताना, भरलेला पिंप खाली घेताना तिका हाक मारूची. मगे ती खालसून हात लावता. माणसाच्या हातातला वजन तिच्या हातात जाता. म्हणान माल सावकाश बसता.”

“आणि उगाच हाक मारली तर?”

“बोलावल्यार ती कायतरी घेतल्याशिवाय जायत काय?” हे त्याने एस.टी.ची वेळ सांगावी तितक्या सहज सांगितलं.

“मास्तरांका बायको नाय, म्हणान बायची चवकशी,” धाकू साबणातून म्हणाला.

मी वही काढली आणि भराभर लिहायला लागलो. असा मासा रोज गळाला लागत नाही. लवू बोलत होता. घरात टोपली खाली ठेव म्हणायचं असलं तरी त्यांच्यात कोणी हा शब्द वापरत नाही. नव्या माणसाला तो कानात सांगतात. आणि मग पिळलेलं धोतर झटकता झटकता त्याने आणखी एक सांगितलं.

“तो दत्ताराम बघितलंस मा, विंचवालो? पत्र्याच्या आडोशाक बसता. तेका माल दिसणा नाय, मी दिसनंय नाय. तेच्याकडे काय ते कान. वाऱ्यात माझो आवाज मोडता, कप्पीच्या करकरीत बुडता. आवाज कोणाचो ता तेका कळाचा नाय, शबद कळता. शबद इलो की ब्रेक सैल करूचो. विचारूचा नाय. विचारीत बसलो तर दोर जळतलो.”

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. पण वहीत लिहिलं ते दर्यातल्या बाईचं. त्याच संध्याकाळी बाईंना चिठ्ठी धाडली: ‘आरिया. खलाशांची समुद्रदेवता असावी. नाव घेणे निषिद्ध. समजूत.’ ‘समजूत’ या शब्दाखाली मी रेघ मारली होती, ती आजही डोळ्यांपुढे येते आणि मला माझीच कीव येते. त्या माणसाने मला देवीही सांगितली होती आणि ब्रेकही सांगितला होता. मी देवी उचलली आणि ब्रेक नदीवर ठेवून आलो.

बाईंचं उत्तर बारा दिवसांनी आलं. सकाळचे दहा वाजले असतील. पोस्टमनने फाटकातच पाकीट हातात दिलं आणि मी तिथेच उभ्या उभ्या फोडलं.

‘तुमची दर्यातली बाई पोर्तुगीज निघाली,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘त्या भाषेत आर्रिआर म्हणजे शीड, निशाण वगैरे खाली घेणे, दोर सैल सोडणे. त्याची आज्ञा आर्रिआ. स्पॅनिशमध्ये तेच क्रियापद आहे, कॅटलानमध्येही. त्याच्या मागे मूळ कोणते, यावर पंडितांचे एकमत नाही, तेव्हा आपणही गप्प बसावे. इटालियनमध्ये आरिया म्हणजे हवा आणि गाणेही. त्याचा इथे संबंध नाही. आपल्या काव्यातल्या आर्येचा तर नाहीच नाही, मोह आवरा. कलकत्त्याच्या गोदीत हाच शब्द याच अर्थाने चालतो असे तिथले एक मित्र कळवतात. म्हणजे तीन-चारशे वर्षे एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर, तोंडातून तोंडात, न लिहिता आलेला शब्द तुम्ही घाटावर पकडलात. शाबास. आता हाबेसच्या मागे लागा. त्याचे मला काही उमगत नाही.’

बाईंची शाबासकी म्हणजे काय चीज होती, ते त्यांच्या हाताखाली राबलेल्यालाच कळेल. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि धावत सुटलो. लवूला सांगायचं होतं की काका, तुमचा शब्द अर्धी पृथ्वी फिरून आलाय. आणि खोटं कशाला बोलू, हेही सांगायचं होतं की ती बाई-बिई काही नाही. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते मला दहा जणांत ऐकवायचं होतं.

त्या दिवशी बॉयलरचा ड्रम चढवत होते. लोखंडाचं भलंमोठं आडवं पिंप, दहा टनांचं. पहाटेपासून खपून टोळीने ते वर नेलं होतं आणि आता ते आपल्या बैठकीच्या वर वीतभर अंतरावर येऊन थांबलं होतं. लवू परांचीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर, माझ्याकडे पाठ करून उभा होता. धाकू ड्रमखाली हात घालून बैठकीवरचा लोखंडाचा कीस पुसून काढत होता. सगळे अगदी गप्प होते. मला तेव्हा ते गप्प असणंसुद्धा दिसलं नाही. मी पत्र्याच्या आडोशाजवळ थांबलो, पत्र उंच धरलं आणि ओरडलो:

“लवूकाका! आरिया! आरिया पोर्तुगीज आहे, काका!”

पत्र्याच्या पलीकडे, माझ्यापासून दोन हातांवर, दत्ताराम बसला होता. एकोणीस वर्षं तो शब्द ऐकल्यावर त्याने जे केलं तेच त्याने केलं.

“बस!” लवूचा आवाज फाटला. तोवर ड्रमचं एक टोक खाली आलं होतं. ‘बस’ दत्तारामने तत्क्षणी पाळलं, म्हणून ड्रम तिरका लटकत राहिला, पडला नाही. पण धाकूचा उजवा हात त्याच्याखाली होता. धाकू ओरडलादेखील नाही. “अगो आवशी,” एवढंच म्हणाला आणि खाली बसायला लागला, पण हात अडकलेला असल्यामुळे त्याला बसता येईना. ते मला अजून आठवतं.

‘हाबेस’ झाली, ड्रम वर गेला, हात सुटला. धाकूला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्याची दोन बोटं गेली.

तासाभरात इंजिनियर इनामदार साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. माणूस कडक, पण अन्यायी नव्हता. “ड्रम वीतभर वर असताना खाली सोडायची हाक कोणी दिली?” त्यांनी विचारलं.

“मी,” लवू म्हणाला.

“तू? कुबल, तुला धाकूचा हात दिसत नव्हता?”

“चुकलो.”

चौदातले तेरा जण तिथे होते. सगळ्यांनी माझा आवाज ऐकला होता. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. दत्ताराम आपल्या पायांकडे बघत होता. पत्र माझ्या हातातच होतं आणि घामाने त्याची शाई बोटांना लागत होती. तोंड उघडायला तेवढा एक क्षण पुरे होता. मी उघडलं नाही. मी भ्यालो. त्याला दुसरं नाव नाही.

“उद्यापासून तू हाक द्यायची नाहीस,” साहेब म्हणाले. “तुमच्यातला दुसरा कोण तो नेमा.”

टोळीचाही कायदा तोच होता. ज्या सारंगाच्या हाकेवर माणूस जायबंदी झाला, त्याने पुन्हा हाक देऊ नये. लवू मचाणाकडे गेला आणि तिरका ड्रम साखळीने बांधून घ्यायला लागला.

संध्याकाळी मी त्याच्या झोपडीशी गेलो. तो दाराशी एकटाच तंबाखू मळत बसला होता. शब्द जुळवत जुळवत मी म्हटलं, “काका, तुम्ही माझ्यासाठी एवढं...”

“तुझ्यासाठी नाय,” तो म्हणाला. मळलेली तंबाखू त्याने दाढेखाली सरकवली.

मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे, उपकार बोलून दाखवत नाही. त्या मोठेपणाने मी आणखीच खचलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच इनामदार साहेबांच्या ऑफिसात जाऊन मी सगळं सांगून टाकलं.

साहेब माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. पेन्सिल टेबलावर आपटत बसले.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “रस्त्याने जाणाऱ्या कोणीही तोंड उघडलं, तर माझा दहा टनांचा ड्रम खाली येणार?”

“तसं नाही साहेब, मी...”

“तसंच झालं ना? आजपासून या हाका बंद. शिट्टी वाजेल. एक लांब, वर. दोन आखूड, खाली. आणि तुम्ही दुपारची एस.टी. धरा आणि पुणं गाठा.”

खरं सांगतो, बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. माझी हकालपट्टी झाली होती, पण लवूवरचा डाग पुसला गेला होता. त्याला ते सांगायला मी जवळजवळ हसतच गेलो. तो कप्पीला वंगण घालत होता. मी सांगितलं. शिट्टीचंही सांगितलं.

लवूने वंगणाचा डबा खाली ठेवला. त्याला इतकं संतापलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि आवाज मात्र अगदी बारीक झालेला.

“कोणी सांगलेला तुका बोलूक?”

“पण काका, खरं ते...”

“खरा माका ठाऊक नाय होता? हयल्या सगळ्यांका ठाऊक होता. मी ‘मी’ म्हणान कशाक सांगलंय? तुका वाचवूक? तू माझो कोण? सारंग चुकलो तर सारंग बदलूक येता रे. आज मी, उद्या दत्ताराम. त्येच्यान काय बिघडणा नाय. पण हाकच वाकडी जाता, कोणीव दिली तरी चलता, असा एकदा झाला, की मगे दहा टनाच्या खाली हात घालतलो कोण? धाकू घालीत? तू घालशीत?”

आदल्या दिवशी मी तोंड उघडायला नको होतं तेव्हा उघडलं, मग उघडायला हवं होतं तेव्हा मिटलं, आणि आज पुन्हा उघडून उरलंसुरलं मोडलं होतं. लवूने आपलं सारंगपण देऊन ती हाक वाचवली होती आणि मी माझं मन हलकं करण्यापायी ती साहेबाच्या टेबलावर ठेवून आलो होतो.

अकरा वाजता शिट्टीने काम सुरू झालं. साहेब स्वतः मचाणाखाली उभे होते. साखळी सोडली, ड्रम सरळ केला. साहेबांनी दोन आखूड शिट्ट्या मारल्या.

काहीच झालं नाही.

साहेबांनी पुन्हा मारल्या. ड्रम तसाच. मग पत्र्यामागून विंचचा खटका लावल्याचा आवाज आला आणि दत्ताराम बाहेर आला.

“साहेब,” तो हात जोडून म्हणाला, “कानाक ऐकाक येता, पण हात सुटणा नाय.”

“सुटणा नाय म्हणजे?”

“सुटणा नाय.”

बाकीचे बारा जण जिथे होते तिथेच खाली बसले. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. साहेब तापले, बोलले, काढून टाकायची धमकी दिली. माणसं ऐकत राहिली. दुसऱ्या दिवसावर गेलेला ड्रम वायरवर लटकत होता आणि वायर काही जन्मभर लटकत ठेवण्यासाठी नव्हती, हे साहेबांना आमच्याहून जास्त कळत होतं. शेवटी त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

“बरं. मग हाक कोण देणार? कुबल?”

“सारंगान चूक आपल्या अंगार घेतल्यान,” दत्ताराम म्हणाला. “ती निस्तरल्याशिवाय तो देवचो नाय.”

“मग तू दे.”

“माझीव चलाची नाय साहेब. जेच्या तोंडातसून वाकडी गेली, तेच्याच तोंडातसून ती सरळ जावक होई. आमच्यात तसा आसा. मगे कोणीव देवदे.”

आणि तेव्हा, आदल्या सकाळनंतर पहिल्यांदाच, त्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“हा?” साहेब म्हणाले. “ह्याच्या हातात ड्रम देऊ? वेड लागलंय का तुम्हाला?”

लवू एकटाच उठला, बांबूवरून चढून धाकूच्या जागी गेला, आणि धाकू घालत होता तसाच ड्रमखाली हात घालून बैठक पुसायला लागला. पुसून झाली, तरी त्याने हात काढला नाही.

“ये वर, मास्तर,” तो म्हणाला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “करा काय करायचं ते,” म्हणाले, पण निघून गेले नाहीत.

मी चढलो. मचाणावर उभा राहिलो तेव्हा लवू माझ्यापासून तीन हातांवर होता. त्याचा तो वहाणेच्या तळव्यासारखा हात बैठकीवर पालथा पडला होता आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर ड्रमचं काळं पोट.

“मी हात काढतलंय,” तो म्हणाला. “मगे मान हलयतलंय. तेच्या आधी तोंड उघडू नको. तेच्यानंतर थांबा नको.”

मी मान डोलावली. त्याने हात काढला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझा खालचा ओठ थरथरत होता, ते त्याला दिसत असावं. मला पुणं आठवलं नाही, बाईंचं पत्र आठवलं नाही, पोर्तुगीज तर नाहीच. त्या एवढ्याशा शब्दाचे मला तेव्हा पाच भाषांतले अर्थ पाठ होते आणि त्यातला एकही मदतीला येत नव्हता. मी घाबरून चुकून बोलून जाईन अशी मला भीती वाटली, म्हणून मी दात ओठांवर दाबून धरले. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग माझी थरथर थांबली. थांबवली असं नाही, थांबली.

लवूने हात काढला. मान हलवली.

“आरिया,” मी म्हटलं.

ड्रम हलला नाही. पत्र्यापर्यंत आवाज पोचलाच नव्हता.

“पोटातसून,” लवू म्हणाला.

“आरिया!”

पत्र्यामागे खटका सुटला. ड्रम यायला लागला. लवूची नजर ड्रमच्या दोन्ही टोकांवर फिरत होती आणि माझी लवूच्या मानेवर. मान हलली की मी हाक देत होतो, थांबली की गिळत होतो. “आरिया... आरिया...” लवूचा तळहात उभा झाला. “बस!” लोखंडाला लोखंड टेकलं. त्याचा हादरा माझ्या तळपायांना कळला. लवू वाकला, फटीत नख घालून बघितलं, आणि ताठ झाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं मला सुचलं नाही. खाली खलाशी उठून दुसऱ्या कामाची वायर ओढायला लागले होते.

“उतर,” लवू म्हणाला. “एस.टी. तालुक्यावरसून जाता. धाकूक जावन सांग, बसलो म्हणान. कोणाच्या हाकेर बसलो, ताय सांग.”

वळकटी घेऊन मी फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला. “हाबेस!” लवूचा होता. माझ्या मागे पुलीवर वायर करकरली.

धाकू दवाखान्यात खाटेवर उताणा पडला होता. हात बांधून उशीवर ठेवलेला. मला पाहून त्याने नेहमीची थट्टा केली नाही, तोंडही फिरवलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आदल्या दिवशी मी ओरडलो ते सांगितलं, ते त्याला ठाऊकच होतं. लवूने ‘मी’ म्हटल्यावर मी गप्प राहिलो तेही सांगितलं. मग ड्रम बसला ते, आणि कसा बसला ते.

त्याने उशीवरून मान माझ्याकडे वळवली.

“सारंगाचो हात खय होतो?” त्याने विचारलं.

“खाली. तुमच्या जागी.”

“आणि तू हाक कधी दिलंस?”

“त्यांनी हात काढल्यावर. मान हलवल्यावर.”

“आवाज फुटलो नाय मा?”

“पहिल्यांदा पोचला नाही. दुसऱ्यांदा नाही फुटला.”

धाकूने गुडघे मुडपून पाय जवळ घेतले आणि खाटेच्या पायथ्याशी मला बसायला जागा केली.